ग्रामीण जिल्ह्यात बदली होतेय, गुन्ह्यांचे आकडे कमी दिसतात, त्यावर किती विसंबायचं?

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. बँकेत आहे, पुढच्या महिन्यात बदली होतेय. जिल्ह्याचं नाव लिहीत नाही कारण लगेच शाखा ओळखू येईल, पण मराठवाड्यातला, शहर असं एकच आणि बाकी सगळी खेडी असा जिल्हा आहे. राहायचं तालुक्याच्या गावी आणि आठवड्यातले दोन दिवस सतरा-अठरा किमीवरच्या खेड्यातल्या शाखेत जायचं. सोबत सासूबाई आणि नऊ वर्षांची मुलगी, नवऱ्याची नोकरी पुण्यात त्यामुळे तो शनिवार-रविवारी येणार.

एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्यूरोच्या) अहवालात जिल्हावार तक्ते असतात ते काढले, लोकसंख्येने भागून बघितलं तर आत्ता राहतोय त्या शहरापेक्षा दर बराच कमी येतो. जरा हायसं वाटलं. पण तिथून बदलून आलेली एक मैत्रीण म्हणाली, मीनू, संध्याकाळी सहानंतर त्या रस्त्याला एकटी जाऊ नकोस. आता मला कळेना की तक्ता खरा का मैत्रीण खरी. ज्यांना अशा भागात राहायचा, काम करायचा अनुभव आहे त्यांनी प्लीज सांगा.

जुनी_डायरी
ताई, तुमची मैत्रीण खरी आणि तक्ताही खरा, फक्त तक्ता कशाचा आहे ते समजून घ्या. ३१ वर्षं पोलीस खात्यात होतो, त्यातली निम्मी ठाणे अंमलदार आणि क्राइम रायटर म्हणून टेबलावर गेली, त्यामुळे हा आकडा कसा जन्माला येतो ते माझ्या हाताखालून गेलंय.

एनसीआरबी गुन्हे मोजत नाही, पोलिसांनी दाखल केलेले गुन्हे मोजते. त्यांच्या अहवालातच लिहिलेलं असतं की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण ते पान कोणी वाचत नाही. केरळचा दर नेहमी वर दिसतो, त्यात तिथे माणूस ठाण्यात जातो आणि त्याची फिर्याद घेतली जाते याचा मोठा वाटा आहे. उलट जिथे ठाणं ३० किमीवर आहे, एसटी दिवसातून दोनदा येते आणि आरोपी भावकीतला आहे, तिथे रजिस्टर कोरं राहतं आणि जिल्हा कागदावर शांत दिसतो.

अजून एक. एकाच घटनेत चार गुन्हे घडले तरी मोजणीत जो सगळ्यात मोठा तो एकच धरतात. घरात शिरून चोरी केली आणि म्हाताऱ्याला मारून टाकलं तर खून एक, बाकी त्यात विरलं. आणि अदखलपात्र म्हणजे एनसी झाली तर मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. शिवीगाळ, साधी धमकी, किरकोळ मारहाण यातलं बरंचसं तिथेच थांबतं, आणि खेड्यातली भीती मुख्यतः याच गोष्टींची असते.

तिसरी गोष्ट सांगायला मला आजही जड जातं. महिन्याला क्राइम मीटिंग असते. तिथे साहेब विचारतात की तुमच्याकडे चोऱ्या का वाढल्या. मग खाली काय होतं, "अर्ज देऊन जा, चौकशी करतो." अर्ज म्हणजे गुन्हा नाही, अर्जाला गुन्हा रजिस्टर नंबर नसतो. सुप्रीम कोर्टाने २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, तरी अर्जाची सवय सुटलेली नाही. मी पण असे अर्ज घेतलेत. एका बाईचा अर्ज घेतला होता, दीड महिन्याने तिचाच मृत्यू नोंदवायची वेळ आली. त्यानंतर मी ठरवून फिर्यादच घ्यायचो, वरून बोलणी बसली तरी.

बांधकरी
काकांनी लिहिलंय ते शंभर टक्के. माझंच सांगतो. मागच्या उन्हाळ्यात विहिरीवरनं मोटरची केबल कापून नेली, तांब्यासाठी नेतात. साडेतीन हजाराची केबल. ठाण्याला जायचं म्हणजे दिवस मोडतो, जाण्यायेण्याचा खर्च, आणि तिकडं पाणी तुटलंय पिकाचं त्याचं काय, तर मी आधी उसनवारीनं नवी केबल आणून मोटर चालू केली. कोण जातंय तक्रारीला. शिवारात त्या महिन्यात सात जणांच्या केबली गेल्या, तक्रार एकाचीच. म्हंजे सरकारी कागदावर एक चोरी. पुढं आमच्या शिवेला लागून डीपी म्हंजे लाईटचा ट्रान्सफॉर्मर फोडून त्यातलं ऑइल आन तांबं नेलं, अकरा दिवस लाईट नव्हती, ती मात्र नोंद झाली कारण महावितरणनं केली.

शेळ्या, ठिबकच्या नळ्या, खळ्यावरचं सोयाबीन, उभ्या ट्रॉल्या, हे सगळं जातं. शहरातल्या माणसाला वाटतं किरकोळ. शेळी ही बाईमाणसाची बँक असते ओ, ती गेली म्हंजे पोरीची फी गेली.

जुनी_डायरी
@बांधकरी दादा, यात नवीन एक भर पडलीय ती सगळ्यांनी लक्षात घ्या. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यासोबत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टात ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची साधी चोरी अदखलपात्र केलीय. राहत्या घरातून चोरी झाली तर ती वेगळ्या कलमात जाते, ती दखलपात्र आहे. पण विहिरीवरची तुमची साडेतीन हजाराची केबल आता एनसीमध्ये जाईल. म्हणजे यापुढे ग्रामीण चोऱ्यांचा आकडा खाली आलेला दिसला तर चोर कमी झाले असं समजू नका. एनसीची नोंद मात्र जरूर करा आणि प्रत घ्या. सात जणांनी एकत्र जाऊन सांगितलं तर तो किरकोळ विषय राहत नाही, टोळीचा संशय म्हणून वरिष्ठांना बघावं लागतं.

गावचाच
सगळं मान्य पण जरा जास्तच घाबरवताय ताईंना असं वाटतंय. मी जन्मापासून असल्याच जिल्ह्यात राहतोय. आमच्या गावात परका माणूस आला तर पारावरचे चार जण विचारतात, कोणाकडे आलात. दाराला कडी घालून शेतात जातात लोकं. आई गेली तेव्हा मी मुंबईला होतो, मी पोचेपर्यंत गावाने सगळं केलं होतं, घर सताड उघडं होतं आणि एक भांडं हललं नाही. शहरात शेजारी मेला तरी वास आल्यावर कळतं. ही सुरक्षा कुठल्या तक्त्यात येते सांगा.

तिसरी_घंटा
@गावचाच दादा, तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं, आणि तुम्ही म्हणता ते खोटं नाहीये. बावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांवर काढलीत, चार तालुके बघितले, मला कधी कोणी लुटलं नाही, उलट पावसात अडकले तर लोकांनी घरात ठेवून घेतलंय. पण सगळे एकमेकांना ओळखतात हीच गोष्ट कोणासाठी आधार असते आणि कोणासाठी कुलूप. परक्यापासून गाव राखतं. आपल्यातल्यापासून कोण राखणार?

बलात्काराच्या दाखल गुन्ह्यांत ९० टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी ओळखीचा असतो, हे एनसीआरबीचेच आकडे वर्षानुवर्षं सांगतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांना घरी जाऊन विचारलं होतं. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी फक्त १४ टक्क्यांनी कोणाची तरी मदत मागितली होती, आणि ७७ टक्क्यांनी मदत तर नाहीच, कोणाला सांगितलंही नव्हतं. देशभरातली ही गोष्ट आहे. आता जिथे बीट अंमलदार (गावाकडे बघणारा पोलीस), सरपंच आणि नवरा एकाच पंगतीला बसतात तिथे ती बाई काय करेल हे मी वर्गात तिच्या मुलीच्या तोंडावर बघितलंय.

सातवीतली एक मुलगी शाळेत यायची थांबली. घरचे म्हणे रस्ता लांब आहे. खरं कारण रस्त्यातल्या वळणावर बसणारी तीन पोरं. कोणी तक्रार केली नाही, कारण तक्रार केली की मुलीचं नाव निघतं, मग लग्न लवकर लावतात. एका मुलीचं शिक्षण संपलं आणि गुन्हा शून्य. दर काढताना हे कशाने भागायचं?

आणि तंटामुक्ती, म्हणजे गावातले वाद गावातच मिटवायची सरकारी मोहीम. २००७ साली ती मोहीम आली तेव्हा मी आनंदाने काम केलं, बांधाचे, रस्त्याचे पन्नास वाद गावात बसून मिटले, कोर्टाच्या फेऱ्या वाचल्या. पण तंटामुक्त गावाच्या बक्षिसाच्या ओढीत बाईला मारल्याची प्रकरणंही मिटवलेली बघितली, हात जोडून माफी आणि नारळ. ते मिटणं नव्हतं.

पाऊलवाट
तिसरी_घंटा ताई, वाचून अंगावर काटा आला. माझी मुलगी चौथीत आहे, सरळ विचारते, तिच्यासाठी मी काय बघू?

तिसरी_घंटा
शाळा निवडताना इमारत बघू नका, वाट बघा. ती एकटी किती चालते, वाटेत निर्जन तुकडा कुठला, रिक्षावाला कोण आणि तिच्यासोबत शेवटपर्यंत कोण असतं. शाळेत तक्रारपेटी आहे का आणि ती उघडतं कोण. बायका शिक्षक किती. तिला नातेवाईक, शेजारी, सर कोणीही असो, नको म्हणता येतं हे आत्ताच सांगा, आणि तिने काही सांगितलं तर आधी ऐकून घ्या, उलटतपासणी नको. पोक्सो हा मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा २०१२ चा आहे, त्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावर अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं त्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शिक्षक असो की डॉक्टर, न कळवणं हाच गुन्हा आहे. मुख्याध्यापकांना हे माहीत आहे का ते बोलता बोलता विचारा, उत्तरावरून शाळा कळते. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर तिला पाठ करायला लावा.

पालावरचा
धागा चांगला चाललाय म्हणून लिहितोय, नाहीतर या विषयावर मी सहसा गप्प बसतो. मी भटक्या समाजातला, आजी-आजोबा पालात वाढले, मी शिकून नोकरीला लागलो. वर लिहिलंय की परका आला की पारावरचे विचारतात कोणाकडे आलात. त्या प्रश्नाची दुसरी बाजू मला माहितीय.

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजार होता. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर आठवडाभर फिरत होती. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागून जगणारे, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. त्यांच्याकडे ओळखपत्रं होती. १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, तिथेही चोर आल्याची अफवा, तिथे तर पोलीस समोर होते. गुन्ह्याच्या भीतीने माणसं मारली गेली, आणि ज्या गुन्ह्याची भीती होती तो घडलेलाच नव्हता.

इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, आपण तो १९५२ ला रद्द केला. कागदावरून गेला. आजही शिवारात केबल चोरीला गेली की पहिली गाडी आमच्या पालाकडे वळते. माझ्या चुलत्याला तीन वेळा असं उचललंय, तिन्ही वेळा सोडून दिलं, एकदाही कोणी चुकलो म्हणालं नाही. ताई, तुम्ही राहायला जाल तेव्हा गावाच्या ग्रुपवर मेसेज येतील, संशयित बाई फिरतेय, फोटो ओळखा, पुढे पाठवा. हात जोडून सांगतो, पुढे पाठवू नका. पोलीस पाटलाला फोन करा, ११२ ला करा. तो फोटो कोणाच्या तरी आईचा असतो.

गावचाच
@पालावरचा दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. आमच्या ग्रुपवर असे फोटो येतात आणि मी पुढे पाठवलेत. खोटं बोलत नाही. यापुढे नाही पाठवणार आणि ग्रुप अ‍ॅडमिन माझा मावसभाऊच आहे, त्याच्याशीही बोलतो आजच.

जुनी_डायरी
पालावरचा, तुमच्या चुलत्याबद्दल खात्यातला एक जुना माणूस म्हणून मी माफी मागतो. तपास सोपा करायची ती वाईट सवय आहे, आणि त्यात खरा चोर निवांत सुटतो. केबल चोरणाऱ्याला विहिरी, लाईटच्या वेळा, कुत्री सगळं माहीत असतं, तो बहुतेकदा पंचक्रोशीतलाच निघतो आणि तांबं ज्या भंगारवाल्याकडे जातं तो तालुक्यातच असतो. धागा तिथून सुटतो.

ताई, आता कामाचं. ११२ बद्दल. तुम्ही लावलेला फोन तुमच्या ठाण्यात वाजत नाही, तो नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलतात, मग जिल्ह्याच्या कंट्रोलला आणि तिथून गाडीला जातो. उचलणाऱ्याला तुमची वाडी माहीत नसते आणि एका नावाची चार गावं असतात. त्यामुळे आधी जिल्हा, तालुका, मग गाव, मग खूण, शाळा, पाण्याची टाकी, मंदिर, फाटा, असं सांगायची सवय सासूबाईंनाही लावा. गाडी यायला शहरापेक्षा वेळ लागतो हे धरूनच चाला, एका ठाण्याला पन्नास-साठ गावं आणि रात्री एखादीच गाडी असं मी स्वतः चालवलंय. तोपर्यंत जे येईल ते शेजारी आणि पोलीस पाटील. पोलीस पाटील हा १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने नेमलेला माणूस असतो, त्याची नेमणूक प्रांताधिकारी करतात, पोलिसांना गावाची खबर देणं हे त्याचं काम. पहिल्या आठवड्यात त्याला आणि बीट अंमलदाराला भेटून या, बँकेच्या मॅडम म्हणून तुम्हाला कोणी टाळणार नाही. काही जिल्ह्यांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे, एका टोल फ्री नंबरवर बोललं की तुमच्याच आवाजात सगळ्या गावाच्या मोबाईलवर कॉल जातो. तिथे आहे का विचारा, असेल तर नाव नोंदवा.

आणि कधी फिर्याद द्यायची वेळ आलीच तर अर्जावर परत फिरू नका. कुठल्याही ठाण्यात एफआयआर देता येते, हद्द कोणाची हे नंतर बघतील. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कळवलं तर तीन दिवसांत सही करायची. प्रत फुकट मिळते. घेत नसतील तर एसपींना लेखी पाठवा, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेट. हे सगळं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. तपासाचं काय झालं हे ९० दिवसांत फिर्यादीला कळवायचं, ते १९३ मध्ये. कलमाचा आकडा शांतपणे म्हटला की समोरचा खुर्ची सरकवतो, अनुभव आहे.

स्ट्रेचर
रुग्णवाहिकेवर आहे, बारा वर्षं झाली. सगळे चोर आणि खून बोलताय, मी फक्त एवढं सांगतो. २०२२ साली देशात खुनाचे गुन्हे २८,५२२. त्याच वर्षी रस्त्यावर मेलेले १,६८,४९१, आणि त्यातले साधारण ६८ टक्के ग्रामीण भागात. मॅडम तुमचा तो सतरा किमीचा रस्ता आहे ना, तुमच्या जिवाला त्याच्याइतका धोका कुठल्याच माणसाचा नाही. कारखाना चालू असला की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागे लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, अंधारात दिसतच नाहीत. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर एका आठवड्यात तीन पोरं अशी ट्रॉलीखालून काढली, तिघांच्या घरी फोन मीच केले. हेल्मेट घाला, अंधार पडायच्या आत परत या, स्कूटीपेक्षा एसटी बरी.

बांधकरी
लोकसंख्येनं भागायचं म्हणलात ना ताई, त्यात बी गोम आहे. आमच्याकडं दसरा-दिवाळीनंतर निम्मी वाडी ऊसतोडीला जाते, पार चार-पाच-सहा महिने. मागं म्हातारीकोतारी आन शाळेतली पोरं. घरं बंद. जनगणना २०११ नंतर वेळेवर झालेलीच नाही, मग अंदाजाच्या आकड्यानं भागतात, आन त्या हिशोबात गाव भरलेलं असतं. त्या काळात घरफोड्या होतात आन पोरींची काळजी लागते म्हणून लग्नं उरकत्यात. तुम्ही डिसेंबरात जाऊन बघा आन जूनमधी जाऊन बघा, दोन वेगळी गावं दिसतील.

दुसरं, छोट्या तालुक्याच्या आकड्याला लई घाबरू नका. लाखभर वस्ती, एका साली २ खून, पुढल्या साली ४, की पेपरला येतंय खून दुप्पट. आमच्यात झालेलं, ते चारही एकाच बांधाच्या भांडणातनं झाले होते.

गावचाच
बांधाचं अगदी खरं. २०२२ च्या आकड्यांतही खुनाचं सगळ्यात मोठं कारण वाद, भांडणं हेच आहे, लुटीसाठी झालेले त्यामानाने फार कमी. रस्ता अडवला, नांगराने एका सरीइतका बांध कोरला, सामाईक विहिरीची पाळी चुकली, इथून सुरू होतं. माझ्या सख्ख्या काकांनी आणि त्यांच्या भावाने नऊ वर्षं बोलणं टाकलं, एकदा कुऱ्हाडी निघाल्या होत्या. शेवटी तहसीलदारांकडे मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ खाली अर्ज केला, अडवलेला वहिवाटीचा रस्ता मोकळा करून मिळाला. हा कायदा १९०६ चा आहे आणि निम्म्या गावाला माहीत नाही. वेळेत मोजणी झाली आणि तहसीलदार जागेवर आला तर जितके खून टळतील तितके गस्तीने टळणार नाहीत हे माझं ठाम मत आहे.

ताई, तुमच्या शाखेत कर्जाच्या कागदांवर अशी भावकीची भांडणं रोज येतील. सामाईक सातबारावर एका भावाला कर्ज देताना दुसऱ्याची संमती नीट बघा. तेवढ्यावरनंही भडका उडालेला बघितलाय.

पाऊलवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी आम्ही दोघं तिकडे जाऊन आलो.

भाड्याचं घर आधी फोटोवरून पसंत केलेलं ते सोडलं, कारण शाळेची वाट मधे जवळजवळ अर्धा किमी जिनिंगच्या बंद भिंतीला लागून होती. दुसरं घर जरा जुनं आहे, मोरी लहान आहे, पण शाळा हाकेवर आणि खाली मालकीणबाई शिवणकाम करतात, दिवसभर दारातच असतात. मुख्याध्यापिकांना पोक्सोचं विचारलं तर त्यांनी कपाटातून फाईल काढून दाखवली. तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे ते मात्र त्यांना आठवेना, सोमवारी शोधते म्हणाल्या, मी परत विचारणार आहे.

खेड्यातल्या शाखेच्या गावचे पोलीस पाटील शेतात होते, तिथे जाऊन भेटलो. परतीची शेवटची एसटी पाच चाळीसला आहे आणि शाखा बंद व्हायला सहा होतात, म्हणून त्या दोन दिवसांची वेळ अर्धा तास अलीकडे करून मिळावी असं वरच्या ऑफिसला लेखी दिलंय. अजून उत्तर नाही. पोलीस पाटील म्हणाले की गावातल्या कॉलेजच्या चार मुली पण त्याच गाडीने जातात, गाडी चुकली की त्या फाट्यावर थांबतात, आणि फाट्यावरचा दिवा चार महिने बंद आहे.

दिव्यासाठी अर्ज कोणाकडे करायचा, ग्रामपंचायत की महावितरण? फाटा दोन गावांच्या शिवेवर आहे.

बांधकरी
आधी फाटा कुठल्या ग्रामपंचायतीत येतो ते बघा, दिव्याचं काम तिचं. दोन्ही ग्रामसेवकांना एकच अर्ज द्या, पोच घ्या, आन त्या चार पोरींच्या सह्या घ्या त्याच्यावर.